तुकोबांच्या घरची वही

तेरा वर्षांचा मुलगा. आजच्या हिशेबाने सातवी-आठवीतला. वडिलांनी त्याला दुकानाच्या गादीवर बसवलं आणि वह्या त्याच्यापुढे सरकवल्या. थोरला भाऊ विरक्त वृत्तीचा, त्याचं व्यवहारात लक्ष नाही. धाकटा अजून लहान. म्हणून मधल्यावर ही पाळी आली. मालाचं माप, गिऱ्हाइकांची उधारी, कुळांकडचं व्याज, सगळं या पोराने शिकून घेतलं आणि चार वर्षं चांगलं चालवलंही.

हा मुलगा म्हणजे आपले तुकोबा, देहूचे तुकाराम महाराज. मैत्रिणींनो, त्यांचं नाव घेतलं की आपल्या डोळ्यांपुढे टाळ-वीणा येते, इंद्रायणी येते, आणि त्यांच्याशी सतत भांडणारी त्यांची बायको येते. दुकानाची गादी काही येत नाही. बारामती-इंदापूर भागात बचत गटांच्या वह्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे असेल, मला मात्र या घराकडे नेहमी वहीच्या बाजूनेच बघावंसं वाटतं. एका भरल्या घराचं दिवाळं कसं निघालं, त्यात घरातल्या बाईने काय केलं आणि पुढे त्या घराने कर्जाशी कसं नातं ठेवलं, ही गोष्ट आपल्या कामाची आहे. अभंग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील, म्हणून ते इथे सांगत नाही. फक्त घराची हकीकत सांगते.

देहूचं हे मोरे घराणं. मूळ पुरुष विश्वंभरबाबा, तुकोबांच्या आठ पिढ्या आधीचे, पंढरीचे वारकरी. विठोबाची भक्ती घरात वंशपरंपरेने आलेली, आणि देहूच्या पेठेची महाजनकीही तशीच आलेली. महाजन म्हणजे बाजारपेठेचा मानकरी. पेठेतल्या देण्याघेण्यावर लक्ष ठेवायचं, करवसुलीला हातभार लावायचा आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यायचा. त्याशिवाय शेती, किराण्याचं दुकान आणि सावकारी. वडील बोल्होबा, आई कनकाई. मुलगे तीन: सावजी, तुकाराम आणि कान्होबा. तुकोबांचा जन्म 1608 मधला मानतात. अशा घरात लिहिता-वाचता येणं हे देवपूजेइतकंच गरजेचं, कारण खतावणी दुसऱ्याच्या हातून लिहून घेऊन सावकारी चालत नाही. पुढे जे हजारो अभंग लिहिले गेले, त्या हाताला वळण लागलं ते जमाखर्च मांडताना.

लग्नं लवकरच झाली. लग्नं म्हणजे दोन. पहिली बायको रखुमाई, तिला दम्याचा विकार होता. म्हणून घरच्यांनी दुसरं लग्न करून दिलं, ते पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराच्या मुलीशी. तीच जिजाई. तिला आवली असंही म्हणत. (तिच्याबद्दल मी अगं-तुगंनेच लिहिणार आहे. आपल्या घरातल्या आईला, आत्याला आपण अहो-जाहो करतो का?) सावकाराची मुलगी सावकाराच्या घरात आली. पैशाची भाषा तिला माहेराहूनच येत असणार.

सतराव्या वर्षापर्यंत सगळं ठीक होतं. मग एकामागून एक तडाखे बसले. आई गेली, वडील गेले. पाठोपाठ सावजीची बायको वारली. सावजीचा जीव मुळातच संसारात नव्हता, तो तीर्थयात्रेला जो निघाला तो परत आलाच नाही. वर्ष-दीड वर्षात घरातली कर्ती माणसं नाहीशी झाली आणि अठरा वर्षांच्या पोरावर दोन बायका, लहान भाऊ, दुकान, शेती आणि सावकारी येऊन पडली. असं घर मी आजूबाजूला पाहते तेव्हा मला माहीत असतं, की आता पहिली गोष्ट बिघडणार ती हिशेबाची. दुःखात असलेल्या माणसाला वसुलीला जायचं सुचत नाही, आणि ज्यांच्याकडे येणं असतं त्यांना ते बरोबर कळतं. तुकोबांच्या बाबतीत तसंच झालेलं दिसतं. उधारी थकली, वाहतुकीचे बैल मेले, भांडवल आटत गेलं. सोयऱ्यांनी एक-दोनदा सावरलं, तरी गाडं रुळावर येईना.

याच काळातल्या गोष्टी महिपतींनी आपल्या संतचरित्रांत रंगवून सांगितल्या आहेत. महिपती 1715 ते 1790 या काळातले, म्हणजे तुकोबांच्या बऱ्याच नंतरचे. त्यामुळे त्यांच्या गोष्टी ऐकीव परंपरेच्या, पण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या. तुकोबा मिरच्या घेऊन कोकणात गेले आणि गिऱ्हाइकांनी आपल्याच हाताने मापून मन मानेल तसा माल नेला. परतीच्या वाटेवर एका भामट्याने सोन्याचा मुलामा दिलेलं पितळेचं कडं त्यांच्या गळ्यात मारलं. या गोष्टी ऐकून आपण हसतो आणि त्यांच्या भोळेपणाचं कौतुक करतो. मला त्यात हातात भांडवल थोडं आणि घाई फार अशी अवस्था दिसते. एकदा बुडालेलं एकाच फेरीत भरून काढायला निघालेला माणूस मुलाम्याला हमखास फसतो. आजही दामदुपटीच्या नावाने गावात येणाऱ्या योजनांत पैसे घालणाऱ्यांत, आधी कुठेतरी नुकसान सोसलेली माणसंच जास्त असतात.

मग जिजाईची गोष्ट येते. नवऱ्याला बाजारात कुणी उधार देईना, त्याची पत संपलेली. तेव्हा तिने आपल्या नावावर खत लिहून दिलं, 200 रुपये कर्ज काढलं आणि ते नवऱ्याच्या हाती ठेवले. तुकोबांनी माल घेतला, परमुलखात नेऊन विकला आणि 200 चे 250 केले. म्हणजे व्यापार त्यांना येत नव्हता असं मुळीच नाही, एका फेरीत चौथाई नफा काढला त्यांनी. पण परत येताना वाटेत एक कर्जबाजारी ब्राह्मण भेटला. देणं फेडता येत नाही म्हणून त्याचे हाल चालले होते. तुकोबांनी जवळचं सगळं त्याला देऊन टाकलं आणि रिकाम्या हाताने घरी आले.

कथेत यापुढे तुकोबांच्या दयेचं वर्णन येतं आणि जिजाईच्या संतापाचं. कीर्तनात इथे हशा पिकतो. मी मात्र दरवेळी त्या 200 रुपयांच्या कागदाशी अडकते. एका कर्जदाराची सुटका झाली खरी, पण दुसरी कर्जदार तर घरातच बसली होती! कागद बाईच्या नावावर, पैसा पुरुषाच्या हातात, आणि सावकार दारात आला की उत्तर द्यायचं बाईने. हे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे असं तुम्हाला वाटतं का? गटातून किंवा एखाद्या वित्तकंपनीकडून बाईच्या सहीने कर्ज उचललं जातं, ते ट्रॅक्टरच्या थकलेल्या हप्त्यात नाहीतर बोअरमध्ये जातं, आणि आठवड्याच्या वसुलीला हजर राहते ती बाई. दहा बायकांनी एकमेकींची हमी घेतलेली असते, त्यामुळे एकीचं थकलं की नऊजणी तिच्या दारात. आमच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की मी तीनच गोष्टी विचारते: पैसा कुणाच्या हातात जाणार, कशात जाणार, आणि परतफेडीच्या दिवशी तो कुठून येणार. तिसऱ्या प्रश्नाला गप्प बसणारी बाई बहुतेक वेळा दुसऱ्या कुणासाठी तरी कर्ज मागत असते.

व्याजाचंही इथेच सांगून टाकते. गावात अजून शेकड्याने बोलतात. शेकडा 3 म्हटलं की कानाला किरकोळ वाटतं. पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला 36 टक्के. 50,000 घेतले तर महिन्याला 1,500 आणि वर्षाला 18,000 नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथे. तीन वर्षं व्हायच्या आतच व्याज मुद्दलाला गाठतं. जुन्या काळी दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा. तो नियम करावा लागला यातच काय ते आलं. आज महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. हे किती जणींना माहीत असतं?

जिजाईचं कर्ज असं वाटेतच गेलं, आणि त्यावर मोठा घाला आला तो दुष्काळाचा. 1629 आणि 1630 या दोन्ही वर्षी पावसाने दगा दिला. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे उपासमार सुरू झाली. शहाजहान बादशहा तेव्हा बुऱ्हाणपुरात होता, आणि त्याच्या दरबारी इतिहासकाराने माणसं भाकरीसाठी स्वतःला विकायला तयार झाल्याचं लिहून ठेवलं आहे. त्यात लढायांची भर. त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून, उद्ध्वस्त करून टाकलं. देहू तिथून किती लांब? एका दिवसाची चाल.

तुकोबांचं दिवाळं या दुष्काळात पुरतं निघालं. रखुमाई अन्नावाचून गेली. तिचा मुलगा संतोबा तोही गेला. महाजनाच्या घरातली सून उपाशी मेली, हे वाक्य लिहितानासुद्धा हात थांबतो. ज्या घराकडे पेठेचा मान, शेती, दुकान आणि सगळ्या गावाचे कर्जरोखे, त्या घरात दाणा नव्हता?

माझ्या समजुतीप्रमाणे याचं उत्तर वहीत आहे. वहीत येणं वेगळ्या पानावर असतं आणि शिल्लक वेगळ्या पानावर. मोऱ्यांच्या घरी येणं उदंड होतं, कारण आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्यांच्याकडून कर्ज घेतलेलं. पण शेतकरी कुठल्या पावसावर जगत होता? त्याच. दुकानाचं गिऱ्हाईक कोण? तोच शेतकरी. मोऱ्यांची स्वतःची शेती कुठे? त्याच शिवारात. म्हणजे शेती, दुकान आणि सावकारी असे तीन धंदे दिसत असले, तरी तिन्हींवर पडणारा पाऊस एकच. तो गेला तेव्हा तिन्ही पानं एकदम कोरी झाली. कर्जरोखे पेटीत तसेच राहिले, पण रोखे शिजवून खाता येत नाहीत.

आपल्या भागात हे फार जवळून बघायला मिळतं. आडसाली ऊस लावल्यापासून तुटेपर्यंत दीड वर्ष. ऊस कारखान्याला गेला की पैसा आला असंच आपण धरतो आणि त्या भरवशावर किराणा, खतं, शाळेची फी सगळं उधारीवर चालवतो. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असा नियम 1966 पासून आहे, पण हातात किती आणि कधी पडतील ते पडल्यावरच खरं. बिल येतं तेव्हा त्यातलं निम्मं आधीच खर्च झालेलं असतं. इंदापुरात द्राक्ष-डाळिंबाच्या बागांचं तर विचारूच नका, एका गारपिटीत वर्ष जातं. म्हणून मी बायकांना सांगते, की बिल आलं की पहिल्याच दिवशी त्याचे महिन्यांप्रमाणे तुकडे पाडा. पुढचं बिल पंधरा महिन्यांनी येणार असेल तर पंधरा तुकडे, आणि वर दोन जास्तीचे. त्या दोन तुकड्यांना कुणाचा हात लागता कामा नये, अगदी दिराच्या गाडीसाठीसुद्धा. आणि शक्य असेल तर त्यातलं काही ज्याला शिवारातल्या पावसाशी देणंघेणं नाही अशा ठिकाणी ठेवा, पोस्टात किंवा बँकेत, स्वतःच्या नावाने. दूध, शिवण, मिरची कांडप यांतून रोज 50 रुपये बाजूला पडले तरी वर्षाचे 18,250 होतात. भिशीतला पैसा मात्र मी शिल्लक धरत नाही. आपला नंबर येईपर्यंत तो येण्याच्याच पानावर.

वळते पुन्हा देहूकडे. बायको-मुलगा गेल्यावर तुकोबांचं मन संसारावरून उडालं आणि ते डोंगरावर जाऊन बसले. शोधत शोधत कान्होबा तिथे पोचला आणि भावाला इंद्रायणीच्या काठी घेऊन आला. इथे त्यांच्या आयुष्यातला तो प्रसिद्ध प्रसंग घडला. तुकोबांनी घरातले सगळे कर्जरोखे मागवून घेतले आणि नदीत सोडायला काढले. कान्होबा म्हणाला, की तुमचं ठीक आहे, मला घर चालवायचं आहे. मग दोघांनी रोख्यांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबाचा निम्मा वाटा त्याला मिळाला. आपला निम्मा तुकोबांनी इंद्रायणीत बुडवला.

हा प्रसंग नेहमी त्यागाचा म्हणून सांगतात. तो आहेच. पण व्यवहाराच्या अंगाने बघितलं तर तुकोबांनी दोन गोष्टी फार नेमक्या केल्या. भावाच्या हिश्श्याला त्यांनी हात लावला नाही, दानधर्म केला तो स्वतःच्या पैशातून. आणि जे रोखे बुडवले, त्यांतले कितीतरी दुष्काळाने मेलेल्या नाहीतर परागंदा झालेल्या माणसांचे असणार. त्या कागदांच्या जोरावर वसुली करायची म्हणजे वाचलेल्यांची जमीन किंवा गुरं ओढून आणायची. ते त्यांनी नाकारलं. त्या दिवसापासून व्याजावर जगणं त्यांच्यापुरतं संपलं. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याही याच नदीत बुडवल्या गेल्या आणि तेराव्या दिवशी वर आल्या असं आपण मानतो. रोखे काही वर आले नाहीत, आणि कुठल्या कुळाने त्याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

एक प्रश्न माझ्या मनात राहतोच. रोखे बुडवताना जिजाईला कुणी विचारलं होतं का? तिच्या माहेरचा धंदाच सावकारीचा. तिला त्या कागदांची किंमत घरात सगळ्यात जास्त कळत असेल. आणि यानंतर घरात येणारा पैसा जवळजवळ थांबणार, हेही तिलाच आधी कळलं असेल. तिला कजाग म्हणून रंगवणाऱ्यांना मी विचारते, तिच्या जागी तुम्ही काय केलं असतंत? तिने भांडण केलं, पण घर सोडलं नाही. भंडारा डोंगरावर भजनात बसलेल्या नवऱ्याला भाकरी पोचवल्याशिवाय ती स्वतः जेवत नसे, असं सगळ्या चरित्रांत आहे. ती भाकरी कुठून येत होती? शेतातून, तिच्या राबण्यातून, आणि काटकसरीतून. महादेव, विठोबा, काशी, भागीरथी, गंगा ही मुलं तिने याच घरात वाढवली.

उसाची गोष्ट आपल्या भागात तर सांगायलाच हवी. एकदा कुणीतरी तुकोबांना उसाची मोळी दिली. घरी येईपर्यंत वाटेतल्या पोरांना वाटत वाटत हातात एकच ऊस उरला. जिजाईने तोच त्यांच्या पाठीत घातला आणि त्याचे तुकडे झाले. तुकोबा हसले आणि आयत्या वाटण्या झाल्या म्हणाले. गमतीचा भाग सोडा, पण घरात चार तोंडं असताना एकच ऊस आणणाऱ्या नवऱ्याबरोबर वर्षं काढायची म्हणजे बाईला प्रत्येक दाणा मोजावा लागतो. ते मोजणं कुठल्या चरित्रात लिहिलेलं नसतं.

मुलींच्या लग्नाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. मुली वयात आल्या, जिजाई मागे लागली. तुकोबा बाहेर पडले, रस्त्यात आपल्या जातीतली मुलं खेळत होती, त्यांना हाताला धरून घरी आणलं, हळद लावली आणि लग्नं उरकली. मुलांच्या आईबापांनी तक्रार केली नाही, उलट गावकऱ्यांनीच मग जेवणाचं साहित्य आणलं. जावयांची आडनावं मोझे, गाडे, जांभुळकर अशी परंपरेने सांगतात. इतकं टोकाला जा असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्या काळात मुलीचं वय, शिक्षण, तिची पसंती बघायला हवी. पण मांडवाचा, डीजेचा, मानपानाचा खर्च कर्जाने करायचा नाही, एवढं तरी या गोष्टीतून उचलता येईल. महाजनाच्या घरातलं लग्न बिनकर्जाचं झालं, आणि त्या घराचं नाव काही खाली गेलं नाही.

अर्थात लग्नाच्या खर्चावर सगळं खापर फोडायचं हीदेखील एक सोयीची सवय आहे. आपल्याच भागातला दाखला आहे. बारामती तालुक्यातलं सुपे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. 12 मे 1875 रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. त्यांना हवी होती ती खतं. मिळाली ती त्यांनी जाळली. बहुतेक ठिकाणी, खतं मुकाट दिली तर मारहाण झाली नाही. हे लोण इंदापूर, शिरूर, हवेलीत आणि नगर जिल्ह्यातही पसरलं. इंदापुरात 1836 मध्ये 30 वर्षांसाठी ठरवलेला शेतसारा मुदत संपल्यावर चांगलाच वाढला होता, आणि अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचे भाव पडले होते. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्या आयोगाने शेतकऱ्यांची कर्जं तपासून काय म्हटलं, तर लग्नाचा खर्च डोळ्यांत भरतो, पण कर्जाची सुरुवात बहुधा त्यातून होत नाही. धान्य, बियाणं, बैल, सारा यांसाठी वारंवार घेतलेल्या लहान लहान रकमा आणि त्यांच्यावरचं व्याज हेच कर्जाला फुगवतं.

देहूला सावकाराने स्वतःच्या हाताने रोखे बुडवले, आणि सुमारे अडीचशे वर्षांनी सुप्याला कुळांनी ते जाळले. पण आयोगाचं ते निरीक्षण मला वहीसाठी जास्त उपयोगी वाटतं. गटातल्या बायकांना महिनाभर सगळा किरकोळ खर्च लिहायला सांगितला, की पहिल्या महिन्यात सगळ्या म्हणतात, आमच्याकडे किरकोळ काही नसतंच. मग रिचार्ज, पाव-बिस्किटं, यात्रेतली खेळणी, दुकानदाराच्या वहीतली मागची बाकी, फोनवरून दोन मिनिटांत मिळालेलं पाच हजारांचं कर्ज, असं एकेक बाहेर येतं. मोठं कर्ज काढताना घरात चार माणसं विचार करतात. लहान कर्जाला कुणी विचारत नाही.

तुकोबांनी उरलेलं आयुष्य या बाबतीत फार काटेकोर ठेवलं. दुसऱ्याचा पैसा फुकट घरात येऊ द्यायचा नाही. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला, अशी परंपरा आहे. मोडकळीला आलेलं विठोबाचं देऊळ त्यांनी स्वतः माती कालवून दुरुस्त केलं होतं, त्यासाठी कुणाकडे वर्गणी मागितली नाही. पैशाविषयी त्यांना तिटकारा होता असं जे म्हणतात ते मला पूर्ण पटत नाही. चांगल्या मार्गाने कमवावं आणि विचाराने खर्च करावं, हे त्यांच्याही अभंगांत आहेच. त्यांना तिटकारा होता तो कर्जापायी माणसाने माणसाच्या पायाशी बसावं याचा. हे त्यांनी दोन्ही बाजूंनी अनुभवलं होतं, सावकार म्हणून आणि दिवाळखोर म्हणूनही.

1650 मध्ये, फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकोबा गेले. वय अवघं बेचाळीस. जिजाई तेव्हा गरोदर होती. नवऱ्यामागे जन्मलेल्या या मुलाचं नाव नारायण. वडिलांचं तोंड न पाहिलेलं हे पोर तिने सांभाळून मोठं केलं, आणि याच नारायण महाराजांनी 1685 मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली. आज तुकोबांची पालखी आषाढात उंडवडीहून बारामतीला येते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरा ओलांडून ती पुढे अकलूजला जाते. त्या दिवसांत गावोगावच्या बायका वारकऱ्यांसाठी भाकरी थापतात. जिजाईही भंडाऱ्याची चढण चढताना फडक्यात भाकरीच बांधून नेत होती.